बँक म्हणजे नदीचा काठ पण आणि पैशाची बँक पण, असं कसं?
दोन्ही लांबचे भाऊबंदच आहेत. मूळ शब्द जर्मानिक (म्हणजे इंग्रजी, जर्मन यांच्या भाषाकुळातला), अर्थ साधारण उंचवटा किंवा बाक. काठ म्हणजे मातीचा उंचवटा, तो अर्थ इंग्रजीत १२०० च्या आसपासचा. पैशाची बँक मात्र इटलीतून फिरून आली, तिथले सराफ बाजारात बाक टाकून बसायचे, समोर नाण्यांच्या चळती, त्या बाकाला म्हणायचे बांका, आपल्या सराफाच्या पेढीसारखंच काहीतरी. बँकरप्ट पण तिकडचाच, बांका रोत्ता म्हणजे मोडलेला बाक (दिवाळखोराचा बाक खरंच फोडायचे म्हणतात, मला तरी ती रचलेली गोष्ट वाटते). ब्लड बँक, पॉवर बँक हे पैशावाल्या बँकेचे वंशज, आणि वळताना विमान कलतं ना, त्यालाही बँक म्हणतात, तो मात्र उतारावरून आलेला, म्हणजे काठाकडचा.