वही-पेन्सिल घेऊन आधी रंकाळ्यावर जा

भावा, पक्षी बघून नोंदी करायला पहिल्याच रविवारी दाजीपूर गाठायचा बेत आखलायस, तो जरा पुढं ढकल. १९५८ पासूनचं अभयारण्य आहे, गवे कुठं पळून जात नाहीत. सुरुवात कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावर कर. सकाळी सातच्या आत, एकच जागा, अर्धा तास बूड न हलवता.

काठावर मातकट रंगाचा वंचक, म्हणजे छोटा बगळा, गप्प उभा असतो. दगडच वाटतो. उडाला की एकदम पांढराशुभ्र! हे बघितलंस की लगेच चार ओळी लिही आणि शेजारी वेडंवाकडं चित्र काढ. चित्र चांगलं यायची गरज नाही. काढताना चोच किती लांब, पाय कुठल्या रंगाचे, हे नीट बघावं लागतं, फायदा तेवढाच. मी पहिलं वर्षभर नुसते फोटो काढले आणि एकही पक्षी धड ओळखता येईना.

नवखे हमखास करतात त्या चुका:
- नाव आठवलं नाही की अंदाजानं ठोकून देणं. त्यापेक्षा प्रश्नचिन्ह टाक.
- पक्षी जवळ यावा म्हणून मोबाईलवर त्याचा आवाज लावणं. विणीच्या दिवसांत तर अजिबात नको.
- घरट्याचा फोटो ठिकाणासकट ग्रुपवर टाकणं. दुसऱ्या दिवशी तिथं दहा जण हजर.

महागडा कॅमेरा, दुर्बिणीचे आकडे, ते नंतर. तारीख, वेळ, हवा मात्र रोज लिही. वही भरली की दाजीपूरला मीच नेतो, गाडीत तेल तुझं.