'वॉश' म्हणजे धुणे, मग 'इल्यूट' म्हणजे काय?

प्रश्न असा आहे: पेशींच्या मिश्रणातून एखादे प्रथिन वेगळे काढण्याच्या कृतीतले 'टॅग लावलेली फ्यूजन प्रथिने अ‍ॅफिनिटी रेझिनच्या बीड्सवर पकडून इल्यूट करतात' हे वाक्य (टॅग म्हणजे प्रथिन पकडता यावे म्हणून त्याला जोडलेला तुकडा) मराठीत कसे लिहावे? रेझिनला 'राळ' आणि इल्यूशनला 'क्षालन' चालेल का?

'राळ' नकोच. राळ म्हणजे साल वृक्षाचा चिकट स्राव, धुपात घालतात ती. इथले मणी बहुतेक वेळा अ‍ॅगरोजचे, म्हणजे समुद्री शेवाळातून काढलेल्या शर्करेचे असतात. झाडाचा काही संबंध नाही. नुसते 'मणी' म्हणा. मात्र माप सांगताना जपा. बाटलीत मणी सहसा 20 टक्के इथेनॉलमध्ये निम्मे-निम्मे भिजलेले येतात. 100 मायक्रोलिटर मणी हवे असतील तर स्लरी, म्हणजे मणी आणि द्रवाचे हे मिश्रण, 200 मायक्रोलिटर घ्यावी लागते, तीही हलवून, पिपेटच्या टोक कापलेल्या टिपने. 'स्लरी' तशीच राहू द्या. बायोगॅसवाल्या शेतकऱ्यांनी ती केव्हाच मराठी करून टाकली आहे.

खरा घोळ 'क्षालन'चा. लॅटिनमध्ये इल्यूटचा अर्थ 'धुऊन काढणे' असाच आहे, त्यामुळे शब्दकोश चुकत नाही. पण कृतीत 'वॉश' आणि 'इल्यूट' या लागोपाठच्या, उलट हेतूच्या पायऱ्या आहेत. हिस-टॅग घ्या. हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या सहा रेणूंची ही शेपटी मण्यावरच्या निकेलला धरते. धुण्याच्या द्रावणात इमिडॅझोल घालतात. ते म्हणजे हिस्टिडिनमधलीच रासायनिक रिंग, म्हणून ते त्याच जागेवर हक्क सांगते. 20 मिलिमोलर असेल तर सैल चिकटलेली भलती प्रथिने निघतात. 250 केले की आपलेच प्रथिन सुटते. द्रव्य एकच, प्रमाण वेगळे. दोन्हींना 'धुणे' म्हटले तर विद्यार्थी नेमकी हवी ती नळी बेसिनमध्ये ओतणार. म्हणून वॉश म्हणजे धुणे, इल्यूट म्हणजे सोडवणे. 'पकडणे'शी जोडीही जमते.

दुसरा टॅग जीएसटी, म्हणजे ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज हे प्रथिन (कर नव्हे). तो मण्यांवरच्या ग्लुटाथायोनला धरतो, म्हणून 10 मिलिमोलर मोकळ्या ग्लुटाथायोनने सोडवतात. ते आम्लधर्मी असते. विरघळवल्यावर पीएच पुन्हा 8 वर आणला नाही तर प्रथिन नीट सुटत नाही, आणि दोष उगाच मण्यांवर येतो.

'अ‍ॅफिनिटी'ला 'ओढ' सुचते, गोडही वाटते, पण फसवी आहे. मणी लांबून काही ओढत नाही. प्रथिन त्याच्यावर आपटावे लागते. जीएसटी तर सावकाश बसते, म्हणून नळी 4 अंशांवर तासभर हळूहळू फिरवत ठेवतात. तो शब्द इंग्रजीच राहू दे.

फ्यूजनला 'संलयन' म्हटले की काहीतरी वितळल्यासारखे वाटते. इथे दोन जनुके एकाच वाचनचौकटीत (रीडिंग फ्रेममध्ये), म्हणजे दोन्हींचे मिळून सलग एकच प्रथिन बनेल अशी, जोडलेली असतात. जोडाक्षर, जोडशब्द, तसे 'जोडप्रथिन'.

तर वाक्य असे: 'टॅग लावलेली जोडप्रथिने अ‍ॅफिनिटी मण्यांवर पकडतात, मणी धुतात आणि मग प्रथिने सोडवतात.' मधले धुणे तुमच्या मूळ वाक्यात नव्हते, ते मुद्दाम घातले आहे.