हुशार आहे, खरं खोटं बोलतोय

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. जिथं बाकीचे 'पण' म्हणतात तिथं आमच्याकडं 'खरं' म्हणतात. त्यामुळं राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पदरानं डोळे टिपत ती आई म्हणाली, "पोरगं हुशार आहे ओ मॅडम, खरं खोटं बोलतंय," तेव्हा त्या वाक्यातली गंमत तिच्या ध्यानातही आली नाही. माझ्या ध्यानात आली ती ती गेल्यावर, टिपणं लिहिताना.

मुलगा साडेपाच वर्षांचा, मोठ्या गटात. त्याला सोहम म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. घर शिवाजी पेठेत, वडिलांचं चपलांचं दुकान, घरात आजी. एके दिवशी त्याच्या दप्तरात वर्गातल्या दुसऱ्या पोराचा, मोटारीच्या आकाराचा शार्पनर निघाला. "कुठनं आणलास?" "सापडला." दुसऱ्या दिवशी "त्यानंच दिला." वडिलांनी दोन लगावल्या. आजी म्हणाली, "अंबाबाई बघायलीय, हात झडतील." त्यानंतर दप्तरात काही निघालं नाही. निघालं ते पलंगाखाली, चपलांच्या रिकाम्या खोक्यात: तीन पेन्सिली, एक रिबन आणि कुणाच्या तरी डब्याचं झाकण.

"आमचे संस्कार कमी पडले काय? उद्या चोर निघाला तर?"

हा प्रश्न मी वर्षानुवर्षं ऐकतेय. विचारणारे बहुतेक आईबाप धास्तावलेले असतात, आणि बहुतेक मुलं साधी असतात.

पहिल्या भेटीत चूक माझीच झाली. सोहम जरा रुळला असं वाटल्यावर मी सरळ विचारलं, "शार्पनर तू घेतलास का?" त्यानं माझ्या टेबलावरच्या गणपतीकडं बघत मान हलवली. नाही. उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारून मी त्याला खोटं बोलायची आणखी एक संधी दिली होती. इतक्या वर्षांनी हे आपल्याकडून व्हावं, याचा मला संध्याकाळपर्यंत राग येत राहिला.

पुढच्या भेटीत शार्पनरचा विषयच काढला नाही. विचारलं, "शाळेत घंटेआधी डबा खायचा नाही, होय ना? खरं बाईच म्हणाल्या, आज चालतंय, तर?"

"मग चालतंय."

"आणि बाई म्हणाल्या, आज मित्राला ढकललं तरी चालतंय, तर?"

तो माझ्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघायला लागला. "नाही. लागतंय की त्याला."

आई कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिला मी नंतर म्हटलं, पोराला चांगलं-वाईट कळतच नाही असं तुम्ही म्हणताय, मग हे काय? ज्युडिथ स्मेटाना या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली बालवाडीच्या वयाच्या मुलांवर हाच फरक तपासला होता. तीन-चार वर्षांच्या पोरांनाही एवढं कळतं की काही नियम मोठ्यांनी ठरवलेले असतात, आणि काही गोष्टी कुणी परवानगी दिली तरी वाईटच, कारण त्यानं दुसऱ्याला इजा होते. म्हणजे बी रुजलेलं असतं. अडचण दुसरीकडंच असते. हवीशी वस्तू समोर दिसली की हात आवरायची ताकद या वयात फार कमी, आणि 'घेतल्यावर त्या मुलाला कसं वाटलं असेल' हे त्या क्षणी डोळ्यांपुढं येत नाही.

आणि खोटं? त्याला डोकं लागतं. आपल्या मनात आहे ते समोरच्याला ठाऊक नाही, हे कळल्याशिवाय थाप मारता येत नाही, आणि ही समज साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास पक्की होते. पहिली थाप म्हणजे पोर बिघडल्याची खूण नव्हे. पोर वाढतंय, एवढंच. हे ऐकून आईला धीर आला. बाबांना नाही. ते म्हणाले, "म्हणजे पेढे वाटायचे काय?"

मग मी सोहमला दोन गोष्टी सांगितल्या. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं मुलांना विचारलेला आणि १९३२ साली प्रसिद्ध केलेला हा जुना प्रश्न. एक मुलगा जेवायला येताना दार उघडतो. दारामागं खुर्चीवर कपांचा ट्रे आहे, हे त्याला माहीतच नाही. पंधरा कप फुटतात. दुसरा मुलगा आई घरात नसताना कपाटातला मुरंबा चोरून खायला वर चढतो आणि एक कप फोडतो. (मुरंब्याच्या जागी मी बेसनाचे लाडू घातले.) जास्त वाईट कोण?

"पंधरावाला," सोहम एका दमात म्हणाला. "लई फुटले."

या वयाची पुष्कळ मुलं असंच सांगतात. किती नुकसान झालं ते दिसतं, मनात काय होतं ते दिसत नाही. हेतूचा विचार वयानुसार हळूहळू वजनदार होतो. मुलाला समजेल अशी आणि जरा सोपी गोष्ट सांगितली तर लहानांनाही तो थोडाफार जमतो.

मी हे समजावत होते आणि आई एकदम गप्प झाली. मग बाबांकडं न बघता म्हणाली, "मॅडम, आमच्यातही असंच आहे की."

त्याच महिन्यात बाबांच्या मोबाइलची बॅटरी संपत आलेली दिसली म्हणून सोहम तो चार्जरला लावायला गेला. मोबाइल पडला, काच तडकली. पोरानं सपाटून मार खाल्ला. आणि आठवडाभर आधी त्यानं आजीच्या बटव्यातली दहाची नोट न विचारता घेतली होती, तेव्हा आजी कौतुकानं हसली होती. "लबाड हाय नुस्ता."

माझ्या मते या प्रकरणातली खरी गोष्ट ही होती. घरात शिक्षेचा हिशेब नुकसानीवर चालत होता. काच महाग, म्हणून मार. नोट दहाची, म्हणून हसू. सोहम पंधरा कप मोजत होता, आणि त्याच्या वयाला ते साजेसं होतं. मोठी माणसंही तेच मोजत होती.

बाबांनी वाद घातला. "मार खाल्ला म्हणूनच आम्ही सुधारलो." असं म्हणणाऱ्या बापांशी मी हल्ली भांडत नाही. एवढंच विचारलं, "मार बसल्यावर चोरी थांबली, का खोकं आलं?" ते हाताच्या नखांकडं बघत राहिले. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधल्या लहान मुलांची तुलना केली होती. एका शाळेत कडक मार, दुसरीत नाही. माराच्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलत होती, आणि ते खोटं टिकवायलाही जास्त तरबेज होती. त्यांनाही खोकं सापडलं होतं म्हणायचं.

आजीशी फोनवर बोलले. त्या रोज रात्री 'लांडगा आला रे आला' सांगायच्या, मुद्दाम. त्यांना म्हटलं, तीन ते सात वर्षांच्या मुलांवरच्या २०१४ च्या एका अभ्यासात ही गोष्ट ऐकून मुलं जास्त खरं बोलली नाहीत. खरं बोलल्याबद्दल बाप पोराला जवळ घेतो, अशी गोष्ट ऐकलेली मुलं मात्र बोलली. आजी म्हणाल्या, "मग लांडग्याचं काय करायचं?" मी म्हटलं, त्याला काही दिवस सुट्टी द्या.

बाकीचं साधं होतं. वस्तू ज्यांच्या त्यांना परत द्यायच्या, वर्गापुढं उभं न करता. शार्पनर द्यायला बाबा सोबत गेले, शाळा सुटल्यावर, फाटकाबाहेर. "तू घेतलास का?" विचारायचं बंद. त्याऐवजी, "हा शार्पनर त्याचा आहे, तो शोधत असेल. आपण काय करू या?" हात झडायची धमकीही बंद. अंबाबाईला आपल्या घरचा पोलीस करू नका, असं मी आजींना म्हटलं. ते त्यांना अजिबात आवडलं नाही.

दोन महिन्यांत खोक्यात एकदा खोडरबर निघाला. तेव्हा आई घाबरून फोन न करता स्वतःच निभावून गेली. मला आठवड्यानं कळलं.

शेवटच्या भेटीत मी कपांची गोष्ट पुन्हा काढली. उत्तर बदललं असेल अशी जरा आशा होती. सोहम म्हणाला, "पंधरावाला." मग थांबून, "खरं त्याला दिसलं नव्हतं."

आणि त्यानंच मला विचारलं, "काचा कोणी उचलल्या?"

"त्यानं आणि त्याच्या आईनं."

"दोघांनी?"

"दोघांनी."

त्याला ते पटलं असावं. तो खुर्चीवरनं उतरून खेळण्यांच्या कपाटाकडं गेला आणि तिथनं ओरडून विचारलं, "हे घेऊ काय?"