अमेरिकेत कोणतंही धार्मिक कारण नसताना मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांचं रोजचं आयुष्य कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत मुलांना घरी शिकवणारे बहुतेक चर्चवाले असतात असं ऐकलं. मग ज्यांना धर्माशी देणंघेणं नाही ते हा उद्योग का करतात, त्यांचा दिवस कसा जातो आणि मुलं एकटी पडत नाहीत का? मी गेली पाच वर्षं हेच करतेय, डॅलसजवळच्या एका उपनगरात. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. मी मूळची सांगलीची. मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलं आणि लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले. एच-४ व्हिसावर मला बरीच वर्षं कामाची परवानगी नव्हती. घरी शाळा सुरू करण्यात त्याचाही वाटा आहे, ते लपवण्यात अर्थ नाही.

सुरुवात २०२० मध्ये झाली. मोठी पहिलीत जाणार होती आणि शाळा पडद्यावर आली होती. सहा वर्षांची पोर दिवसाचे चार तास लॅपटॉपसमोर बसून चेहरे बघायची. दोन आठवड्यांनी मी शाळेला पत्र लिहिलं की आम्ही तिला घरी शिकवतोय, बस. टेक्सासमध्ये एवढंच लागतं. १९९४ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने 'लीपर' खटल्यात घरच्या शाळेला खासगी शाळेचा दर्जा दिला. परवानगी नाही, परीक्षा नाही, पालकाच्या पदवीची अट नाही. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व असे पाच विषय शिकवले की झालं. या यादीत विज्ञान नाही, इतिहासही नाही. मी ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचली. न्यूयॉर्कमध्ये पालकांना वर्षाची योजना द्यावी लागते, दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो. आमच्याकडे कुणी दारही वाजवत नाही.

'बहुतेक चर्चवाले' हे मात्र तितकंसं खरं नाही. २०१६ च्या सरकारी पाहणीत घरी शिकवण्याचं सगळ्यात महत्त्वाचं कारण म्हणून धार्मिक शिक्षणाचं नाव घेणारे पालक १६ टक्के होते, शाळेतल्या वातावरणाचं नाव घेणारे ३४ टक्के. पण आमच्या भागात संघटित आहेत ते धार्मिक पालकच. पुस्तकांची प्रदर्शनं त्यांची, सहली त्यांच्या, गटही त्यांचेच. इथे पालक एकत्र येऊन 'को-ऑप' चालवतात: आठवड्यातून एक दिवस भेटायचं, मी विज्ञान घेते, तू चित्रकला घे, असं. पहिल्या वर्षी अशाच एका गटात गेले. बायका अतिशय प्रेमळ, मुलीला लगेच खेळात घेतलं. निघताना एकीने अर्ज हातात दिला. दुसऱ्या पानावर श्रद्धेचं निवेदन होतं: बायबलचा शब्दन् शब्द सत्य आहे, जग सहा दिवसांत निर्माण झालं, आणि त्याखाली सहीची जागा. मी सही केली नाही. गाडीत बसल्यावर मुलीने विचारलं, "पुढच्या मंगळवारी परत यायचं ना?" तिला काय सांगायचं ते मला सुचेना. त्या दिवशी मी पहिल्यांदा हे सगळं सोडून द्यायचा विचार केला.

पुस्तकांचंही तसंच. धार्मिक पुस्तकं ओळखू येतात, त्यामुळे त्यांची अडचण नाही. अडचण आहे ती 'तटस्थ' म्हणून विकल्या जाणाऱ्या विज्ञानाच्या पुस्तकांची. त्यांत खोटं काही नसतं. फक्त उत्क्रांती नसते, पृथ्वीचं वय नसतं, जीवाश्मांवर अर्धं पान असतं. दोन्ही बाजूंना पुस्तक विकता यावं म्हणून मधला भागच काढून टाकलेला. जीवशास्त्रातून उत्क्रांती काढली की उरतात ती नुसती पाठ करायची नावं, आणि असलं जीवशास्त्र मी माझ्या मुलांना शिकवणार नाही. म्हणून विज्ञान मी बरंचसं स्वतः बसवते. गणिताला मोठीसाठी बीस्ट अकॅडमी, धाकट्याला सिंगापूर मॅथ. दोघंही खूश.

आता दिवस. साडेसातला पोहे किंवा टोस्ट. साडेआठ ते साडेनऊ गणित, ते रोज. मग इंग्रजी वाचन-लेखन, मग अर्धा तास मराठी. दुपारी बारापर्यंत 'अभ्यास' म्हणण्यासारखं संपतं. दोनच मुलं असली की तीन-साडेतीन तास पुरतात. शाळेत तीस मुलांना रांगेत उभं करण्यातच केवढा वेळ जातो. दुपारी वाचनालय, पोहणं, व्हायोलिन, नाहीतर नुसतं अंगणात. स्वयंपाक, धुणं, बिलं सगळं याच्या मधेमधे, आणि संध्याकाळपर्यंत माझ्यात बोलायचं त्राण उरत नाही. नवरा सात वाजता मुलांना घेऊन बाहेर पडतो, तो अर्धा तास मी दार लावून गप्प बसते.

पण असाही एखादा दिवस येतो. गेल्या महिन्यात धाकट्याने विचारलं, दुधाचं दही कोण करतं? म्हटलं, विरजणातले जिवाणू. "कशावरून?" हा आमच्या घरातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द आहे. मग चार वाट्या घेतल्या. चारींत कोमट दूध. पहिलीत विरजण. दुसरीतही विरजण, पण ती फ्रीजमध्ये. तिसरीत उकळून गार केलेलं विरजण. चौथीत काहीच नाही. फ्रीजमधली सोडून बाकी तिन्ही रात्रभर ओव्हनमध्ये, नुसता दिवा लावून. सकाळी पहिली वाटी घट्ट. धाकट्याने सिंकवर तिरकी धरून खात्री केली. बाकी तिन्हींत दूध. "उकळल्यावर ते मेले," तो म्हणाला. बहीण म्हणाली, "मेले कशावरून? तिसऱ्या वाटीतलं दूधच बिघडलं असेल." मी जुना मायक्रोस्कोप काढला, काचेवर पातळ थर देऊन निळ्या रंगाने रंगवला. हजारपट मोठं करून बघितल्यावर छोट्या काड्या दिसल्या, मण्यांच्या माळा दिसल्या. मग उकळलेल्या विरजणाची काच ठेवली. तिथेही काड्या आणि माळा! रंग मेलेल्यांनाही लागतो. दोघं बराच वेळ गप्प. शेवटी मोठीने तोड काढली: तिसऱ्या वाटीत चमचाभर चांगलं दही घालून परत ठेवूया. संध्याकाळी ती वाटी लागली होती. म्हणजे दूध चांगलं होतं, दोष उकळलेल्या विरजणाचाच. त्या दिवशी गणित झालं नाही, मराठी झालं नाही, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

'धर्मनिरपेक्ष होमस्कूलिंग' म्हणजे माझ्या लेखी एवढंच आहे. देवाविरुद्ध शिकवणं नव्हे. आमच्या आताच्या गटात चार घरं आहेत, त्यातलं एक मूळचं मेक्सिकोचं कॅथलिक कुटुंब आहे, दर रविवारी चर्चला जाणारं. त्यांनाही विज्ञान विज्ञानासारखंच शिकवायचंय. बुधवारी आम्ही बागेत भेटतो. कुणी कशावर सही करत नाही.

इथून दीड-दोन तासांवर ग्लेन रोझ नावाचं गाव आहे. तिथे पॅलक्सी नदीच्या पात्रात डायनोसॉरच्या पावलांचे ठसे आहेत, सुमारे ११ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की चालत जाता येतं. तीन बोटांचे मांसाहारी प्राण्यांचे ठसे आणि शेजारी लांब मानेच्या प्राण्यांचे परातीएवढे खड्डे. धाकटा त्यातल्या एकात मांडी घालून बसला होता. शेजारीच एक वडील आपल्या मुलांना सांगत होते की हे सगळं बायबलमधल्या नोहाच्या महापुरातलं, काही हजार वर्षांपूर्वीचं. याच नदीत माणसांची पावलंही सापडलीत, म्हणजे दोघं एकाच वेळी होते, असंही ते म्हणाले. मोठीने माझ्याकडे बघितलं आणि मराठीत हळूच विचारलं, "कशावरून?"

मी तिला तिथेच बसवून दाखवलं. डायनोसॉर कधी कधी टाच टेकवून चालायचे, तेव्हा ठसा लांबट उमटायचा. बोटांच्या खाचांत नंतर गाळ भरला की उरतो तो मोठ्या मानवी पावलासारखा आकार. नीट बघितलं तर भरलेल्या बोटांचा रंग वेगळा दिसतो. शिवाय १९३० च्या मंदीत गावातल्या काही जणांनी माणसाची पावलं कोरून विकली होती. आणि पुराचं म्हणशील तर, हे ठसे एकाखाली एक अशा वेगवेगळ्या थरांत आहेत. उसळत्या पुरात इतके प्राणी किनाऱ्यावरच्या चिखलात असे सावकाश चालतील का? तिने विचार केला, म्हणाली, "ते पळाले असते." त्या गृहस्थांशी मी वाद घातला नाही. त्यांच्या थोरलीने आमच्या धाकट्याला निसरड्या खडकावरून हात धरून उतरवलं होतं. भली माणसं होती.

दुसऱ्यांच्या समजुतींना 'कशावरून' विचारणं मला फार सोपं गेलं. घरच्या बाबतीत हात आखडतो. ८ एप्रिल २०२४ ला इथे खग्रास सूर्यग्रहण होतं. आदल्या दिवशी माझ्या आईचा सांगलीहून फोन: "पोरांना बाहेर काढू नकोस, ग्रहण सुटल्यावर आंघोळ घाल, शिजवलेलं अन्न टाकून दे." मोठीने फोन घेतला आणि म्हणाली, "आजी, कशावरून?" आई दुखावली. मला मुलीचा अभिमान वाटला आणि आईसाठी घशात आवंढा आला, दोन्ही एकदमच. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ढग होते, पण नेमके दुपारी ते विरळ झाले. खग्रास अवस्था तीन मिनिटांहून जास्त टिकली. रस्त्यावरचे दिवे लागले, पाखरं गप्प झाली, आणि धाकटा माझ्या पायाला घट्ट धरून उभा राहिला. रात्री मोठीने आजीला व्हिडिओ पाठवला, चष्मा कसा वापरला ते सांगितलं आणि आपणहून म्हणाली, "आजी, तुला काळजी वाटली म्हणून तू सांगितलंस ना?" ते मी तिला शिकवलं नव्हतं.

गणपती आमच्याकडे बसतो, दीड दिवसाचा, सासूबाईंच्या हौसेखातर. मूर्ती मुलं स्वतः करतात, आरत्या दोघांना तोंडपाठ. मुलीने विचारलं तेव्हा सांगितलं की मी देव मानत नाही, आजी मानते, तू मोठी झालीस की तुझं तू ठरव.

आता एकटेपणा. पहिल्या हिवाळ्यात मोठी खरंच एकटी पडली होती. मैत्रिणी शाळेत, ही खिडकीत. आता बुधवारचा गट आहे, रविवारी महाराष्ट्र मंडळाची मराठी शाळा आहे, पोहण्याचा वर्ग आहे. पण हे आपोआप होत नाही. प्रत्येक मैत्रीसाठी मला गाडी काढावी लागते. ज्या पालकाला ते जमणार नाही त्याने मुलाला शाळेतच घालावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कॉलेजची काळजी मात्र करू नका. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांना होमस्कूलच्या मुलांना इतरांच्याच बरोबरीने वागवावं लागतं, तसा कायदाच आहे.

आणखी एक मत आहे, ते आमच्या वर्तुळातही फारसं कुणाला आवडत नाही. इतकी मोकळीक चांगली नाही. वर्षातून एकदा तरी घराबाहेरच्या कुणीतरी मुलाला भेटावं, त्याच्याशी बोलावं, त्याला वाचता येतं का बघावं. माझ्या मुलांना त्याची गरज नसेल, पण ज्या मुलाला आहे त्याच्याकडे आज कुणीही बघत नाही. २०२५ मध्ये राज्याने घरी शिकणाऱ्या मुलांसाठीही वर्षाला २,००० डॉलरपर्यंत द्यायची योजना आणली. आम्ही ते घेणार नाही. शेजारच्या घरातली मुलं जातात त्या शाळेला तो पैसा मिळायला हवा. शाळांवर माझा राग नाही. त्याच वर्षी सरकारी शाळांच्या वर्गावर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांचा फलक लावायचा कायदा झाला आणि तो लगेच कोर्टात गेला, तेव्हा लढणाऱ्यांत शाळेत मुलं असलेलेच पालक होते. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

मोठीला आता ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचंय आणि तो फक्त शाळेत आहे. ऑगस्टपासून ती कदाचित शाळेत जाईल. फॉर्म आणून टेबलावर ठेवलाय.

तुमची मुलं किती वर्षांची आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. सात-आठच्या आतली असतील तर कळवा, कोणत्या पुस्तकांत उत्क्रांतीची पानं गाळलीत त्याची मी माझ्यापुरती एक यादी केली आहे, ती देते.