टेप आधी जशीच्या तशी उतरव

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल मिळाला. नव्वदच्या दशकातल्या संगणकावरच्या साहसी खेळांच्या जाहिरातींची अमेरिकन व्हीएचएस टेप तुझ्या हाती आली आहे आणि ती एआयनं फोर-के, साठ फ्रेमची करून टाकावी की नाही, अशा पेचात तू आहेस. पेच कसला त्यात? आधी मूळ उतरव. सजावट नंतर, तीही वेगळ्या फाइलवर.

सिएरा, लुकासआर्ट्स वगैरे खेळ काढणाऱ्या कंपन्यांचे असले व्हिडिओ दुकानांत आणि प्रदर्शनांत लावायला असत. खेळ पुरा होण्याआधीचं चित्रण त्यात असू शकतं: विक्रीच्या प्रतीत न आलेला पार्श्वपट, निराळी रंगसंगती, नंतर बदललेला संवाद. तुझ्या टेपेचं मोल त्यात आहे, चकचकीतपणात नाही.

व्हीसीआरमध्ये घालण्याआधी कॅसेटच्या खिडकीतून रिळाची कड बघ. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हमखास धरते. अशी टेप चालवलीस तर बुरशी व्हीसीआरच्या हेडवर, म्हणजे फिरत्या ड्रमवरच्या टेप वाचणाऱ्या भागावर, आणि तिथून पुढच्या टेपेवर जाते. कॅसेटच्या पाठीवरची रेकॉर्डिंगची टिकली शाबूत असेल तर मोडून टाक, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. हेड पुसायचं तर शॅमॉय कातडं आयसोप्रोपिलमध्ये भिजवून स्थिर धर आणि ड्रम हातानं फिरव. वर-खाली घासलंस की हेड तुटलंच.

आता सगळ्यांना गोत्यात आणणारी गोष्ट. टेप एनटीएससी, म्हणजे अमेरिकेच्या टीव्ही पद्धतीची आहे; आपली पद्धत पाल. आपल्याकडचे बरेच व्हीसीआर ती चालवतात, पण बाहेर देतात पाल-६०, म्हणजे ओळी ५२५ आणि रंग मात्र पालचा. टीव्हीला ते चालतं. व्हिडिओ संगणकात घेणारं कॅप्चर कार्ड बऱ्याचदा गोंधळतं आणि चित्र काळं-पांढरं येतं. टेप खराब आहे म्हणून लोक फेकून देतात! खरा एनटीएससी सिग्नल देणारा मल्टिसिस्टिम व्हीसीआर शोध, एस-व्हिडिओची जागा असेल तर उत्तमच. मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे सिग्नलची वेळ सरळ करणारं यंत्र, हवाच. नाहीतर चित्राचा माथा वाकडा होतो, फ्रेम गळतात आणि आवाज हळूहळू पुढे-मागे सरकतो.

उतरवताना मापं अशी ठेव: ७२० बाय ४८०, सेकंदाला २९.९७ फ्रेम, इंटरलेस्ड, रंग ४:२:२. कोडेक हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१, दोन्ही काही न गमावता फाइल लहान करतात. आवाज ४८ किलोहर्ट्झ पीसीएम. न दाबता तासाला ७५ जीबी लागतात, या कोडेकांनी साधारण निम्मे. डिस्क भरते म्हणून कुरकुर करू नकोस. डिस्क पुन्हा मिळते. सुरुवातीच्या रंगपट्ट्या, शेवटचा काळा पडदा, तळाशी थरथरणारी हेड-स्विचिंगची रेघ, काहीही कापायचं नाही. मूळ म्हणजे मूळ.

आणि साठ फ्रेमसाठी एआय लागतच नाही. एका इंटरलेस्ड फ्रेममध्ये दोन फील्ड असतात, एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. क्यूटीजीएमसी किंवा बीडब्ल्यूडिफ या फिल्टरनं ती सोडवलीस की ५९.९४ फ्रेम आपसूक मिळतात. फील्डचा क्रम उलटा धरलास तर हलणारी वस्तू पुढे-मागे थरथरेल, तेवढं बघ. यूट्यूब साठ फ्रेम ७२० ओळींपासून वरच दाखवतं, म्हणून दाखवायची प्रत साध्या स्केलरनं १४४० बाय १०८० कर.

एआय काय करतं ते नीट बघ. जुन्या ईजीए ग्राफिक्स कार्डाच्या १६ रंगांच्या चित्रात दोन रंगांचे ठिपके आळीपाळीनं मांडून तिसरी छटा भासवलेली असते. १९९० च्या ‘लूम’ या खेळातली चित्रकार मार्क फेरारीची रात्रीची दृश्यं तशीच उभी आहेत. व्हीएचएसवर ते ठिपके आधीच विरलेले. उरलेसुरले यंत्राला कचरा वाटतात आणि ते पुसून टाकतं. ‘मंकी आयलंड’सारख्या खेळांत पडद्याच्या तळाशी ‘उघड’, ‘घे’ अशा क्रियापदांची पट्टी असते, तिच्यात तर चक्क नसलेली अक्षरं उमटतात. पाषाणमूर्तीला ऑइल पेंट फासण्यातलाच प्रकार. मला अडेलतट्टू म्हणतात, म्हणोत. दाबलेली, पुसट प्रत ठेवून मूळ टेप फेकून दिलेली माणसं मला ठाऊक आहेत. आता त्यांना परत जायला जागाच नाही.

पडद्यावर उजेड फडफडताना दिसला तर तोही राहू दे. ईजीएनंतरच्या व्हीजीए कार्डाचा ३२० बाय २०० मोड ७० हर्ट्झवर चालायचा आणि व्हिडिओ ५९.९४ वर, त्या फरकानं सेकंदाला सुमारे दहा झटके बसतात. पडदा कॅमेऱ्यानं टिपल्याचा तो पुरावा आहे.

खेळांबद्दलही विचारलंस, तर तिथंही हेच. ३२० बाय २०० चं चित्र ४:३ च्या पडद्यासाठी काढलेलं, म्हणजे उंची १.२ पट हवी. जुने खेळ आजच्या संगणकावर चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये aspect, स्कमव्हीएममध्ये त्याच नावाची सुधारणा चालू कर, नाहीतर ‘मंकी आयलंड’चा नायक गायब्रश बुटका नि जाडा दिसतो. १६०० बाय १२०० ला रुंदी बरोबर ५ पट आणि उंची ६ पट होते, ठिपका फाटत नाही. सिएराचे जुने खेळ प्रोसेसरच्या वेगावर धावतात, म्हणून डॉसबॉक्समध्ये वेग ठरवणारी सायकल ३००० वर बांध आणि कंट्रोल-एफ१२ नं गरजेपुरतीच वाढव. ‘किंग्ज क्वेस्ट ४’चं १९८८ चं संगीत रोलँड एमटी-३२ या संगीत-यंत्रावर ऐक. जनरल मिडी या नंतरच्या ठरावीक वाद्यसंचावर वाद्यंच बदलतात, कारण सिएराचे खेळ एमटी-३२ मध्ये स्वतःचे आवाज भरायचे. ‘मंकी आयलंड’च्या २००९ च्या नव्या आवृत्तीतसुद्धा एफ१० दाबलं की जुनं चित्र येतं. त्यांनीही मूळ ठेवलंच ना!

तर टेपेची पहिली दोन मिनिटं उतरव आणि कच्ची फाइल ड्राइव्हवर टाक, फील्डचा क्रम बघून सांगतो. लेबलचा फोटोही जोड. दाबलेलं एमपी४ पाठवलंस तर मी उघडणार नाही.