कपाट जखडाल, पण कुठल्या भिंतीला?

प्रश्न : डहाणूला २०१८ पासून अधूनमधून भूकंपाचे हादरे बसतात. बेडरूममधलं लोखंडी कपाट भिंतीला कसं जखडायचं?

आधी कपाटावरच्या बॅगा आणि गाद्यांची वळकटी खाली उतरवा. उंच, अरुंद कपाट वरच्या वजनाने लवकर कलंडतं. मग वरच्या दोन्ही टोकांना जाड एल-पट्ट्या लावा. पाठीचा पत्रा पातळ असतो, त्यात मारलेला स्क्रू हिसक्यासरशी पत्रा फाडून निघतो. म्हणून पट्टी कडेच्या दुमडलेल्या, जाड भागाला नटबोल्टने आवळा.

खरी मेख भिंतीत आहे. भोक पाडताना ड्रिलमधून पडणारी भुकटी बघत राहा. सुरुवातीला करडी पडते ते प्लास्टर, त्याची पकड धरू नका. लाल पडायला लागली की वीट लागली. तिथून पुढे दोनेक इंच आत जाईल एवढा स्क्रू आणि तशीच गट्टी (स्क्रूआधी भोकात ठोकायची खुंटी) घ्या. विटेच्या भिंतीत करडीच येत राहिली, तर ड्रिल बहुधा सांध्यात शिरलंय, भोक जरा सरकवून पाडा. पांढरी, भुसभुशीत पडली तर ती हलक्या ब्लॉकची भिंत. तिला साधी गट्टी धरत नाही, दुकानात ब्लॉकसाठीची वेगळी मागा. सुतार ‘चालतंय की’ म्हणेल. चालवून घेऊ नका.

प्रश्न : पुण्यात भाड्याने राहतो. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत.

मग जागा बदला, त्याला परवानगी लागत नाही. पडलं तर पलंगावर किंवा दारात येईल असं काहीही उंच ठेवू नका. जड पुस्तकं खालच्या फळीवर. कपाट आणि छत यांच्यात आवळायचे दांडे मिळतात, पण वर पीओपीचं खोटं छत असेल तर ते कुचकामी. आणि घरमालकांना एकदा पुन्हा विचारा, सोडताना चार भोकं पुट्टीने बुजवून देता येतात.

प्रश्न : हिंगोली जिल्ह्यात आमचं जुनं दगडमातीचं घर आहे, वर माळवद (मातीचं सपाट छप्पर). २०२४ च्या धक्क्यांनंतर मांडणी आणि कपाट भिंतीला पक्कं करावं म्हणतो.

या भिंतीला काही जखडू नका. मातीत रचलेला दगड स्क्रूला धरत नाही, आणि तुमच्या घरात मोठा धोका भिंतीचाच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत माणसं गेली ती मुख्यतः अशाच भिंती आणि मातीचे जड माळवद अंगावर येऊन. पलंग भिंतीपासून दूर घेतलात तर थोडा फरक पडेल, फार नाही. कपाटाचे पैसे राखून ठेवा आणि आधी अभियंत्याला घर दाखवा. माळवदावरचे मातीचे थर कमी करणं, भिंतीच्या दोन्ही बाजू जोडणारे आरपार बांधदगड घालणं, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवणं, यातलं काय जमेल ते तो सांगेल.

प्रश्न : सिलिंडरचं काय?

भरलेलं असो वा रिकामं, उभंच ठेवा आणि साखळीने भिंतीच्या हुकाला बांधा. ओट्यावरच्या कपाटांच्या दारांना कडी लावा. हादरा चालू असताना रेग्युलेटर बंद करायला धावू नका, थांबल्यावर करा.

प्रश्न : रात्री धक्का बसला तर पलंगाखाली शिरावं का?

हल्लीच्या बॉक्सच्या पलंगाखाली शिरायला जागाच नसते. पलंगावरच पालथे व्हा, डोकं-मान उशीने झाका. उशाच्या भिंतीवरची जड तसबीर किंवा आरसा मात्र आजच काढा, आणि हाताशी टॉर्च व चपला ठेवा. अंधारात काचांवर पाय पडतो.