बी.एस्सी.नंतर बी.एड. केलं तर पहिली ते पाचवीला शिकवता येतं का? आणि दोन वर्षं नक्की जातात कशात?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. 11 ऑगस्ट 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. चालत नाही, डी.एल.एड.सारखा खास प्राथमिक शिक्षकांसाठीचा अभ्यासक्रमच लागतो. सहावी ते आठवीला बी.एड. चालतं, पण सोबत टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर 2 हवा: 150 गुणांपैकी खुल्या प्रवर्गाला 90. महाविद्यालयं हे प्रवेशाच्या वेळी आपणहून सांगतीलच असं नाही.

2015 पासून कोर्स दोन वर्षांचा आहे. पदवीला खुल्या प्रवर्गासाठी 50 टक्के लागतात, महाराष्ट्रात सीईटीही द्यावी लागते. शाळेतलं काम एकूण 20 आठवडे: पहिल्या वर्षी 4, दुसऱ्या वर्षी 16. त्यात हजेरी 90 टक्के हवी (तासांना 80), त्यामुळे ‘नोकरी सांभाळून नियमित बी.एड.’ हा बेत बहुधा इथेच फसतो.

सुरुवातीला सूक्ष्म अध्यापन असतं. एकच कौशल्य, समजा प्रश्न विचारणं, घेऊन 6 मिनिटं शिकवायचं; 6 मिनिटं प्रत्याभरण (पाठ कसा झाला यावर अभिप्राय), 12 मिनिटं पुन्हा नियोजन, मग तोच पाठ परत. कंटाळवाणं वाटतं, पण हात इथेच बसतो.

पाठ टाचण (पाठाचा लेखी आराखडा) दुरुस्तीसाठी परत येतं ते बहुतेकदा उद्दिष्टांमुळे. ‘विद्यार्थ्यांना हृदयाची रचना समजेल’ असं लिहू नका, समजलं हे तपासणार कसं? ‘विद्यार्थी आकृतीत चार कप्प्यांना नावे देतो’ असं लिहा.